चाकूला म्यान शिवायचंय, चामडं कुठलं घेऊ?

बागेतला_बाळू

नमस्कार मंडळी,

दिंडोरी रस्त्याला आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. मी शनिवार-रविवारचा शेतकरी, बाकीचे दिवस सातपूरला नोकरी. गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी गावातल्या लोहारदादांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून एक चाकू घडवून दिला. पातं साडेपाच इंच, पाठीकडे चार मिलिमीटर जाड, मूठ बाभळीची. सुतळी नुसती टेकवली तरी तुटते.

पण या चाकूला घर नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून नेत होतो. आधी बॅगेचं अस्तर गेलं, मग डब्याची पिशवी, मग माझं बोट (तीन टाके). शेवटी शहरातल्या एका कारागिराकडून दीडशे रुपयांत म्यान शिवून घेतलं. दिसायला झकास, काळंभोर, चकचकीत. तिसऱ्या दिवशी पट्ट्याला लावून बागेत वाकलो तर चाकूचं टोक बाजूने बाहेर डोकावतंय. शिवण आतून पार कापली गेली होती.

आता स्वतःच शिवायचं ठरवलंय. चामडं किती जाड लागतं? नाशकात मिळेल का? मशीन नाही, हाताने जमेल का? आणि मुख्य प्रश्न, शिवण परत कापली जाऊ नये म्हणून काय करतात?

तिरकस_तात्या

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत एवढं ऐकून होतो. तुमच्या म्यानात एक चाकूही राहीना!
फोटो टाका की.

बागेतला_बाळू

तात्या, टाकलेत वर. दोन आहेत.

गोदाकाठ

फोटो दिसत नाहीत.

कातडीबहाद्दर

चार वर्षांपासून हा उद्योग छंद म्हणून करतोय. आतापर्यंत पंचवीस-तीस म्यानं झाली असतील, त्यातली पहिली सहा कचऱ्यात गेली. त्या बळावर सांगतो.

तुमच्या कारागिराची शिवण वाईट नसेल. त्याने मधली पट्टी घातली नाही. म्यान म्हणजे पाकीट नव्हे. पाकिटात दोन पदर एकमेकांवर ठेवून शिवलं की झालं. म्यानात धार दर वेळी शिवणीला घासत आत जाते. म्हणून धारेच्या बाजूला दोन पदरांच्या मध्ये चामड्याचीच तिसरी पट्टी घालायची, साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद आणि पात्याच्या पाठीइतकी जाड. तुमची पाठ ४ मिलिमीटर आहे, तेव्हा एका पट्टीवर भागलं नाही तर दोन चिकटवा. धार येऊन टेकते ती या पट्टीच्या कडेवर. दोरा तिच्या पलीकडे सुरक्षित. पट्टी टोकाकडे निमुळती करा, नाहीतर खाली बेढब फुगवटा येतो.

दुसरी गोष्ट चामड्याची. 'काळंभोर, चकचकीत' म्हणालात तिथेच कळलं. ते बॅगा-जॅकेटांचं क्रोम टॅनिंगचं, म्हणजे क्रोमियमच्या रसायनांत कमावलेलं चामडं. मऊ असतं, आकार धरत नाही. म्यानाला वनस्पतींच्या सालीत कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन पाहिजे, ३ ते साडेतीन मिलिमीटर जाड. ते ओलं केलं की कणकेसारखं वळतं आणि वाळलं की त्याच आकारात कडक होतं. दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमच्या कडेत आत निळसर-राखाडी झाक असते, व्हेज टॅन आरपार बिस्किटी. आणि न रंगवलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो.

देवळाली_कॅम्प

चामड्याचं फार कौतुक चाललंय. सेवेत असताना बरीच म्यानं पाहिली. पावसात चामडं भिजतं, फुगतं, त्याला बुरशी येते. दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, गॅसवर लांबून फिरवत गरम करा, मऊ झाला की चाकू जुन्या टॉवेलात गुंडाळून आत घालून दोन पाटांमध्ये दाबा. दहा मिनिटांत म्यान. खर्च वीस रुपये. भिजलं तर झटकायचं.

कातडीबहाद्दर

@देवळाली_कॅम्प, सर, आदर राखून असहमत. पीव्हीसीत माती-वाळूचा कण अडकला की दर वेळी पात्यावर ओरखडा. चाकू आत खडखड वाजतो ते वेगळंच. आणि कुणी करणार असेल तर खिडक्या उघड्या ठेवून करा. पीव्हीसी करपलं तर निघणारा धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो.

देवळाली_कॅम्प

करपू द्यायचं नसतं.

कोकणी_माहेर_नाशिक_सासर

आमच्याकडे आजोळी म्यान-बिन काही नव्हतं. आजोबांच्या कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली असायची, त्यात कोयती अडकवायची. पातं सगळं उघडं! तसेच माडावर चढायचे, उतरायचे. आम्ही नातवंडं त्यांच्या मागून चालताना हातभर अंतर ठेवायचो. त्यांना कधी लागलं नाही. आकडी करून देणारा गेल्यावर मात्र कुणाला तशी जमली नाही.

बाळू, आमच्या वहिनींचं मत काय या प्रकल्पाबद्दल?

बागेतला_बाळू

वहिनींचं मत: "ते म्यान नव्हतं, पाकीट होतं." कातडीबहाद्दर आणि तिने हे न ठरवता म्हटलंय, त्यामुळे घरात माझी पत आणखी खाली गेली आहे.

शब्दखोर

अवांतर: 'म्यान' हा फारसी 'मियान'. त्याचा अर्थ मध्य, आणि कंबरही. आपला 'दरम्यान' त्यातूनच आला, दर मियान म्हणजे मधोमध. म्हणजे बाळूंचं बोट चाकू आणि बॅगेच्या दरम्यान आलं तेव्हा व्युत्पत्ती अगदी बरोबर होती.

तिरकस_तात्या

शब्दखोर, तुम्हाला टाके पडोत.

वकीलसाहेब_नाहीत

कुणीतरी सांगायला हवं म्हणून सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीकामाचे सोडून. बाळूंचा साडेपाच इंची शेतीचा चाकू त्यात बसत नाही. पण शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अधूनमधून मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकू-सुऱ्या बाळगण्यावरही बंदी असते. तेव्हा म्यान कितीही सुंदर झालं तरी ते पट्ट्याला लावून सीबीएसच्या बस स्टँडवर वडापाव खायला जाऊ नका. बागेत पट्ट्याला, गावात बॅगेच्या तळाशी.

मिसळभक्त

वडापाव का? नाशकात राहून?

आरी_दाभण

बरेच दिवस नुसता वाचत होतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

आमचं घराणंच चामड्याचं. आजोबा गावात मोटा शिवायचे. दिंडोरी, निफाडच्या विहिरींवर बैलांनी ओढायच्या त्या मोटा. तुमच्या आजोबांच्या विहिरीवरही असणार. त्या दोऱ्याने नाही, चामड्याच्या वादीने शिवायच्या. दोरा पाण्यात कुजतो, वादी फुगून भोक बंद करते. इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, मोटा संपल्या. वडील नाशकात येऊन चपलांच्या कामाला लागले. मी बारावी झालो त्या सुट्टीत आरी हातात घेतली तर वडिलांनी ती काढून घेतली. म्हणाले, "ही माझ्यापाशी संपू दे." मी आज लेखापाल आहे. आरी त्यांच्या पेटीत आहे, मी ती अजून फेकलेली नाही.

आता कामाचं बोलतो. वडिलांच्या बाजूला बसून जे बघितलं ते हात विसरले तरी डोळे विसरलेले नाहीत.

आपल्याकडची नेहमीची आरी आकडीची असते. ती आरपार घालायची, खालून दोरा अडकवून वर ओढायचा. भरभर काम होतं आणि चपलेला चालतं. म्यानाला मात्र दोन सुयांचा टाका घाला. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई. आधी साध्या आरीने भोक, मग एक सुई इकडून तिकडे आणि दुसरी त्याच भोकातून तिकडून इकडे. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत एक धागा झिजला तरी दुसरा सगळं धरून ठेवतो.

दोरा शिवणीच्या चौपट घ्या, वर हातभर जास्त. मेणावरून दोनदा ओढा. ज्या बाजूची सुई पहिल्या भोकात आधी घातली, तीच शेवटपर्यंत आधी. क्रम बदलला की टाका तिरपा पडतो आणि लांबूनही कळतं. ओढताना दोन्ही हातांचा जोर सारखा. शेवटी तीन टाके उलटे फिरा, मग दोरा कापा.

आणि भोक पाडताना आरी सरळ जातेय का ते बघा. तीन-चार पदरांतून जाताना ती मागच्या बाजूला भरकटते. पुढची शिवण रेषेत आणि मागची दारू प्यायलेली, असं सगळ्यांचं होतं. ड्रिल असेल तर दीड मिलिमीटरच्या बिटाने भोकं पाडा. वडील ऐकत असते तर रागावले असते, पण पाडा.

कोकणी_माहेर_नाशिक_सासर

@आरी_दाभण, दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद.

नवा_पाखरू

किती सुंदर! तुम्ही ही कला पुन्हा सुरू करायलाच हवी. हँडमेड लेदरला आता केवढी मागणी आहे. वर्कशॉप घ्या, मी पहिला विद्यार्थी!

नवा_पाखरू

दोनदा पडला, प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

आरी_दाभण

@नवा_पाखरू, मनापासून लिहिलंत, राग नाही. पण वडील रस्त्याच्या कडेला बसायचे तेव्हा लोक चप्पल पायानेच पुढे सरकवायचे. आता तीच आरी इंग्रजी नावाने दोन हजारांना मिळते आणि शिकायला पैसे देतात. बदललं हे चांगलंच झालं. फक्त त्याचा आनंद मी तुमच्याइतक्या पटकन मानू शकत नाही. वर्कशॉप नको. इथे विचाराल ते सांगेन.

कातडीबहाद्दर

मी चार वर्षं परदेशी व्हिडिओ बघून आडवंतिडवं शिकलो आणि माझ्या गल्लीच्या तोंडावर एक काका आयुष्यभर आरी चालवत बसलेत. त्यांना एकदाही विचारलं नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मालेगावचा_भो

ते सगळं ठीक आहे भो, पण चामडं भेटतं कुठं ते कोणीच सांगितलं नाही ना.

कातडीबहाद्दर

खरंय, मूळ प्रश्न राहिलाच. नाशकात चपलेचं सामान विकणाऱ्या दुकानांत तळव्याचं चामडं मागा. शालिमारच्या आसपास हिंडलात तर सापडतं, पण तळव्याचं फार कडक, पाच मिलिमीटरच्या पुढे. म्यानाला नको, मधल्या पट्टीला उत्तम. म्यानासाठी मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून धारावी गाठतो. पूर्ण कातडं घ्यायची गरज नाही, तुकडे मिळतात. एका म्यानाला फूटभर लांब आणि आठ इंच रुंद तुकडा पुरे. बहुतेक म्हशीचं मिळेल. त्याचा पोत जरा भरड, पण शेतातल्या चाकूला काय वाईट? पाठीच्या भागाचं घ्या, पोटाचं नको. पोटाचं चामडं ओलं केलं की ताणतं आणि पुढे ढिलं पडतं.

कोल्हापुरी चपलांचं चामडंही सालीत कमावलेलंच असतं. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना कामाला लावा.

बागेतला_बाळू

(तीन आठवड्यांनी)

अपडेट. धारावीला जाऊन आलो. साडेतीन मिलिमीटरचा तुकडा आणला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चाकू ठेवून पेन्सिलीने आखलं, पाठीच्या रेषेवर कागद दुमडला, धारेकडे पट्टी आणि शिवणीसाठी १४ मिलिमीटर जास्त धरले. कागदी म्यान स्टेपलरने जोडून चाकू आत-बाहेर करून बघितला. सगळं नीट. मग चामड्यावर आखलं, कापलं, दुमडलं.

पट्ट्याचा फासा आतल्या बाजूला गेला.

म्हणजे काय झालं, नमुना मी चामड्याच्या खरखरीत बाजूवर आखला आणि तो उलटवायला विसरलो. आता गुळगुळीत बाजू बाहेर ठेवली तर म्यान डाव्या कमरेचं होतंय. मी उजवा आहे.

तिरकस_तात्या

डावखुरा मित्र शोधा. चामड्यापेक्षा स्वस्त पडेल.

देवळाली_कॅम्प

पाइपला डावं-उजवं नसतं.

कातडीबहाद्दर

माझ्या कचऱ्यातल्या सहांपैकी दोन अशीच गेली! नमुन्यावर ठळक अक्षरांत 'ही बाजू वर' लिहायचं, हाच उपाय. ते चामडं फेकू नका, मधल्या पट्ट्या आणि सराव त्यातच करा. टाक्यांचं अंतर आखायला महागडं चाक नको. जेवणाचा काटा घ्या, त्याची टोकं रेषेवर दाबत जा. एक दात आधीच्या खुणेत ठेवून पुढे सरकायचं, म्हणजे अंतर सारखं राहतं.

कुंदाकाकू

अच्छा. म्हणजे आमच्याकडचा काटा त्या कारणाने गायब आहे तर. आमचे 'हे' हा धागा वाचतात.

बागेतला_बाळू

दुसरं म्यान कापलं, एसआर ९९८ या गोंदाने पट्टी चिकटवली, शिवलं. (सहा संध्याकाळी लागल्या. बोटं बघवत नाहीत.) मग कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून चाकू आत घातला आणि अंगठ्याने दाबून दाबून पात्याचा आकार उठवला. फार मजा आली. सकाळी उठून बघतो तर तोंडाशी आणि आतून काळे-निळे डाग, शाई सांडल्यासारखे! आणि पात्यावर तांबूस डाग. हे काय झालं?

रसायनवाल्या_बाई

शाई सांडल्यासारखे नाही, ती शाईच आहे. पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, असा प्रयोग आयता मिळाला नाही कधी.

व्हेज टॅन चामड्यात टॅनिन असतं. ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की निळं-काळं संयुग तयार होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून शाई करत, ती हीच. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. आपल्याकडे कातडी कमावायला बाभळीची साल, हिरडा आणि तरवड वापरत आले आहेत. सिन्नर-येवल्याकडच्या माळांवर पिवळ्या फुलांची जी झुडपं दिसतात ना, तोच तरवड. पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा.

डाग पूर्ण जाणार नाहीत. पण हट्ट असेल तर उलटा डाव खेळता येतो. लोखंडी खिळे किंवा तारेची घासणी व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवायची. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो. ते पाणी गाळून सगळ्या म्यानावर फिरवलं की म्यान अख्खं काळं होईल. हा रंग वर बसत नाही, चामड्याच्या आतच तयार होतो, म्हणून हाताला लागत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसा म्हणजे आम्ल मरेल, आणि मग तेलाचा हात द्या.

कातडीबहाद्दर

बाईंना साष्टांग. चूक माझी, सांगायचं राहिलं. ओल्या म्यानात चाकू घालताना तो स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचा. आणि आकार उठला की चाकू काढून घ्यायचा, रात्रभर आत ठेवायचा नाही. म्यान सावलीत वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने घाई केली तर चामडं आकसून ठिसूळ होतं.

एक कायमची सूचना. चाकू म्यानात ठेवून महिनोन्‌महिने विसरू नका. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि पाट्याचं लोखंड लगेच गंजतं. बागेतून आलात की पातं पुसा, तेलाचं बोट फिरवा, घरात चाकू वेगळा आणि म्यान वेगळं. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात नेणार असाल तर दुप्पट काळजी.

देवळाली_कॅम्प

म्हणजे म्यान असं, ज्यात चाकू ठेवायचा नाही. मी काही बोलत नाही.

मिसळभक्त

😂 एक कट्टा करू या का? चाकू-म्यान घेऊन या, मिसळ खाऊ. कलम ३७ वाल्यांनी बॅगेच्या तळाशी आणावं.

बागेतला_बाळू

बाईंचं खिळ्यांचं पाणी वापरलं. ब्रश फिरवला आणि माझ्या डोळ्यांसमोर म्यान जांभळं आणि मग काळं होत गेलं. मुलगी किंचाळली, "बाबा, परत एकदा!" परत कसं करणार? कडा २२०, मग ४००, मग ६०० च्या पॉलिशपेपरने घासल्या, ओल्या करून जुन्या जीन्सच्या तुकड्याने रगडल्या. तीन थर एकच असल्यासारखे दिसतायत. शेवटी मेण.

रविवारी लोहारदादांना दाखवायला नेलं. त्यांनी चाकू दहा वेळा आत-बाहेर केला, म्यान उलटं धरून हलवलं. चाकू पडला नाही. मग विचारलं, "कुणी शिवलं?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग माझ्या कोयत्याचं माप घेऊन जा."

@आरी_दाभण, तुमच्या सांगण्याप्रमाणे दोन सुया, एकच क्रम. ड्रिल घेतलं नाही, आरीनेच केलं. मागची शिवण जरा प्यायलेली आहे. फोटो टाकतोय, या वेळी दुसऱ्या साइटवर चढवून.

गोदाकाठ

दिसले!

कोकणी_माहेर_नाशिक_सासर

अहाहा! काळा रंग काय खुललाय.

आरी_दाभण

मोठा करून बघितला. पहिल्या म्यानाच्या मानाने काम चांगलं आहे, कडा तर छानच. टोकाच्या वळणावरचा तिसरा टाका सैल आहे. तिथे बसण्याची जागा बदलली असणार किंवा कुणीतरी हाक मारली असणार.

बागेतला_बाळू

आत्ता म्यान हातात घेऊन मोजलं. तिसराच. मुलीने जेवायला हाक मारली होती.